चार कागद, एक मुलगा

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आले आहे. पत्रलेखिकेचा मुलगा साडेसात वर्षांचा असून सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीत शिकतो. अडीच वर्षांचा होईपर्यंत तो बोलत नव्हता. आता भरपूर बोलतो, पण बहुतेक वेळा एसटीच्या गाड्यांबद्दलच. वर्गात तो जागेवर टिकत नाही, रांगेत कोणी मध्ये घुसले तर ढकलतो, कधी चावतो, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडतो, आणि घरी दिवसातून एकदा तरी वस्तू फेकण्यापर्यंत पाळी येते. तीन वर्षांत चार ठिकाणी दाखवून झाले. एका कागदावर ‘एडीएचडी’ (लक्ष टिकण्यातली अडचण आणि अतिचंचलता) लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘सौम्य स्वमग्नता, आयएसएए गुण 72’ (स्वमग्नता म्हणजे ऑटिझम), तिसऱ्यावर ‘स्वमग्नतेची काही लक्षणे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ आणि चौथ्यावर केवळ ‘वर्तन समस्या, पालकांचे समुपदेशन’. सासूबाईंच्या मते मुलगा लाडाने बिघडला आहे. पती म्हणतात, ‘मीही लहानपणी असाच होतो, वडिलांच्या पट्ट्याने सरळ झालो.’ स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात केवळ त्याच्यासोबत बसणारी शिक्षिका, ठेवा, नाहीतर दाखला घेऊन जा, असे शाळेने तोंडी सांगितले आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी या आईने मुलाला लाटण्याने मारले आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. त्या विचारतात, चारपैकी कोणता कागद खरा? ‘आजार आहे की हट्ट, एवढे एकदा कळले की काय करायचे ते मी करीन. पण निदान पक्के होईपर्यंत मी काय सुरू करू?’

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनात ते चार कागद डोळ्यांपुढे राहिले, दुसऱ्या वाचनात लाटणे, आणि तिसऱ्या वेळी शेवटच्या पानाच्या कडेला, जागा उरली म्हणून लिहावे तसे तुम्ही लिहिलेले एक वाक्य : ‘त्याला आमच्या स्टँडवरून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, पण सातचा पाढा येत नाही.’ त्या वाक्याकडे मी नंतर येणार आहे. आधी तुमच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो ज्या समजुतीवर उभा आहे, त्या समजुतीत तुमची तीन वर्षे गेली आहेत आणि चौथे जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चारपैकी एकच कागद खरा असणार आणि बाकीचे तीन डॉक्टर चुकले असणार, असे तुम्ही धरून चालला आहात. टायफॉइड असता तर तसे म्हणता आले असते, कारण तिथे रक्त तपासून सांगता येते. स्वमग्नता किंवा एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्रही नाही. मुलाला पाहून, आईवडिलांना विचारून, शाळेचे म्हणणे ऐकून आणि ते सारे ठरलेल्या निकषांशी ताडून हे निदान केले जाते. साहजिकच ज्याने मुलाला जिथे आणि जसे पाहिले, तसे त्याच्या कागदावर उतरते. एका डॉक्टरांच्या खोलीत तो खुर्चीवर पाच मिनिटे टिकला नाही, म्हणून तिथे चंचलता ठळक दिसली. दुसऱ्या ठिकाणी तो चाळीस मिनिटे फक्त गाड्यांबद्दल बोलत राहिला आणि समोरच्याच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही, म्हणून तिथे स्वमग्नता नोंदली गेली. दोघांनीही आपापल्या समोरचा मुलगा खराच पाहिला असण्याची शक्यता मोठी आहे.

तुमच्या दुसऱ्या कागदावरचा 72 हा आकडा पाहा. आयएसएए ही स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्या देशात तयार झालेली मोजपट्टी 40 मुद्द्यांची आहे आणि प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण दिले जातात. बेरीज 70 च्या खाली आली तर स्वमग्नता नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी तिची विभागणी आहे. म्हणजे 40 पैकी केवळ तीन मुद्द्यांवर एकेक गुण कमी पडला असता, तर त्याच कागदावर ‘नाही’ असे आले असते. मोजपट्टी खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती उपयोगाची आहे. पण तुमचा मुलगा सीमारेषेवर उभा आहे, आणि अशा मुलाचे मोजमाप दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या बाजूंना पडणे यात नवल नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी ‘सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे लिहिले, तेव्हा तुम्हाला ते टाळाटाळीचे वाटले. मला तो चारांतला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलाला एडीएचडीचे वेगळे निदान द्यायचे नाही, असा नियम अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 2013 पर्यंत होता. पाचव्या आवृत्तीत तो काढून टाकला, कारण दोन्ही एकत्र असणारी मुले प्रत्यक्षात मोठ्या संख्येने दिसत होती. तेव्हा तुमचे पहिले दोन कागद एकमेकांच्या विरोधात आहेत असे मानण्याचे कारण नाही; दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. चौथ्या कागदावरची ‘वर्तन समस्या’ मात्र निदानच नव्हे. ताप आलेल्या माणसाच्या कागदावर ‘अंग गरम’ लिहावे, तसे ते आहे. मुलगा वस्तू फेकतो हे तुम्ही जाताना सांगितलेत आणि येताना तेच लिहून घेऊन आलात.

निदानाच्या नावापूर्वी काही साध्या गोष्टी मात्र तपासून झालेल्या असल्या पाहिजेत, आणि तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून मी येथे जरा थांबते. त्याची श्रवणचाचणी झाली आहे का? डोळे तपासले आहेत का? तो रात्री घोरतो का, तोंड उघडे ठेवून झोपतो का? वाढलेल्या टॉन्सिल्समुळे किंवा नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथींमुळे झोप मोडणारे मूल दिवसा पेंगतेच असे नाही. ते अनेकदा उलट चळवळे आणि चिडके होते, आणि मग त्याला चंचलतेचे नाव मिळते. रक्तातील लोहाचे प्रमाण कमी असले तरी चिडचिड वाढते आणि झोप बिघडते. बोलता बोलता तो मध्येच काही सेकंद थांबून एकटक पाहत राहतो आणि मग काहीच न घडल्यासारखा पुढे सुरू होतो, असे कधी होते का?

हा शेवटचा प्रश्न मी आज प्रत्येक पालकाला विचारते, कारण एकदा मी तो विचारला नव्हता. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत आठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. ‘लक्ष नसते’ ही शाळेची तक्रार होती आणि मी तिला चार महिने एकाग्रतेचे उपक्रम देत राहिले. एके दिवशी ती माझ्यासमोर मणी ओवत होती. सुई हवेत थांबली, पापण्या बारीक फडफडल्या, दहापर्यंत मोजावे एवढा वेळ गेला आणि ती पुन्हा ओवू लागली. तिच्या हातून मणी खाली पडला होता हेही तिला कळले नव्हते. मी तिला मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवले. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढल्यावर ती अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) एक जात निघाली, आणि औषधाने ते झटके थांबले. त्या चार महिन्यांत ‘लक्ष दे’ हे शब्द तिने घरी, शाळेत आणि माझ्याकडून किती वेळा ऐकले असतील, याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून या तपासण्या झाल्या नसतील तर प्रथम त्या करून घ्या. त्यातल्या बहुतेक जिल्हा रुग्णालयात होऊ शकतात.

आता ‘आजार की हट्ट’ याविषयी. हे दोनच कप्पे तुमच्या घरात इतके घट्ट बसले आहेत, की मुलाचे प्रत्येक वागणे यापैकी एकात टाकले जाते. आजार म्हटले की त्याला काही सांगायचेच नाही आणि हट्ट म्हटले की लाटणे. पण साडेसात वर्षांच्या मुलाचे बहुतेक वागणे या दोन्हींच्या मधल्या जागेत असते. रांगेत पुढचा मुलगा बदलला, तेव्हा ‘ही माझी जागा होती’ हे शब्द त्याला पाहिजे त्या क्षणी सापडत नाहीत, अंगात राग मात्र पूर्ण चढलेला असतो आणि हात तोंडाच्या आधी पोहोचतो. शब्द न सापडणे ही अडचण आहे. ढकलणे हे वर्तन आहे. अडचणीबद्दल शिक्षा करता येत नाही आणि वर्तन चालवूनही घेता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे मानायला शिकणे हे या मुलांच्या पालकांचे सर्वांत अवघड काम आहे, असे मला इतक्या वर्षांनंतरही वाटते.

येथे एसटीच्या वेळा उपयोगी पडतात. ‘गाड्या पाठ होतात, मग पाढा का नाही?’ या तुमच्या वाक्यात थोडा राग आहे आणि तो मी समजू शकते. लक्ष म्हणजे एक पिशवी आहे आणि त्याच्याकडे ती भरलेली आहे, तर ती अभ्यासासाठी उघडत नाही म्हणजे तो मुद्दाम करतो, असे त्यामागचे गणित आहे. एडीएचडी असलेल्या मुलांत लक्षाचा तुटवडा क्वचितच असतो. ते हवे तिथे वळवणे आणि हवे तेव्हा काढून घेणे जमत नाही. जे मनापासून आवडते तिथे ते चिकटून बसते. स्वमग्नतेकडे झुकणाऱ्या मुलांत एखाद्या विषयाची अशीच तीव्र ओढ असते, आणि वेळापत्रकासारखी न बदलणारी गोष्ट त्यांना सुखावते. गाडी सात वीसला सुटणार म्हणजे सात वीसला. माणसे तशी वागत नाहीत. पाढा जर गाड्यांच्या वेळांतून आला, म्हणजे दर सात मिनिटांनी एक गाडी सुटते तर चौथी किती मिनिटांनी सुटेल, असा, तर तो कदाचित येईल. तरीही आला नाही तर आठवे वर्ष पूर्ण झाल्यावर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचणीची, चाचणी करून घ्या. ती साधारण त्या वयानंतरच खात्रीने करता येते.

तर मग निदान पक्के होईपर्यंत काय सुरू करायचे? एक दोनशे पानी वही आणा. पुढचे तीन आठवडे, प्रत्येक स्फोटाबद्दल फक्त तीन गोष्टी लिहा : आधी काय घडले, त्याने नेमके काय केले, आणि त्यानंतर तुम्ही किंवा इतरांनी काय केले. सोबत दिवस आणि वेळ. ‘फार त्रास दिला’ असे लिहू नका. ‘साडेसहा वाजता कंपासपेटी भिंतीवर फेकली’ असे लिहा. कारणे शोधायची घाई करू नका, केवळ नोंदत जा.

या वहीत काय सापडू शकते, ते सांगते. माझ्याकडे येणारा तिसरीतला एक मुलगा वर्गातून पळून जात असे आणि शाळेच्या मते त्याला काही कारण लागत नव्हते. त्याच्या वर्गशिक्षिकेने, साठ मुलांचा वर्ग सांभाळून, तीन आठवडे अशा नोंदी ठेवल्या. पळण्याचे सगळे प्रसंग मंगळवारचे आणि शुक्रवारचे निघाले, मधल्या सुट्टीनंतरचे. त्या दोन दिवशी सुट्टी संपताच वर्ग थेट संगणक कक्षात जात असे. घंटा, गलका, चपलांचा ढीग आणि दुसऱ्या जिन्याने जाणे, हे सर्व एकदम अंगावर येई. बाईंनी त्याला सुट्टी संपण्याच्या पाच मिनिटे आधी आत बोलावून ‘आता आपण खाली जाणार’ असे सांगायला सुरुवात केली आणि हजेरीपट घेऊन पुढे चालण्याचे काम त्याला दिले. पळणे पूर्ण बंद झाले नाही, पण महिन्यातून एखाद्या वेळेवर आले. त्या मुलाचे निदान त्यानंतर दीड वर्षाने निश्चित झाले. बाई त्यासाठी थांबल्या नाहीत.

तुमच्या पत्रावरूनच काही अंदाज येतो. संध्याकाळी साडेसहा ते आठ हा काळ पुन्हा पुन्हा येतो : स्वयंपाक, कुकर, सासूबाईंची मालिका, गृहपाठ आणि पती कामावरून येण्याची वेळ. ज्या मुलाला आवाज बोचतात त्याला त्याच वेळी त्याच खोलीत वही उघडायला बसवले जाते. गृहपाठ शाळेतून आल्यावर खाणे झाले की पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन तुकड्यांत करून पाहा. कुकर लावण्याआधी त्याला सांगा आणि त्या दहा मिनिटांसाठी त्याला अंगणात किंवा मागच्या खोलीत जाण्याची मुभा द्या. एखादे काम थांबवायला लावण्याआधी सूचना द्या, तीही त्याच्या भाषेत : ‘पाच मिनिटांत गाडी सुटणार.’ एका वेळी एकच वर्तन बदलायला घ्या. मी तुमच्या जागी असते तर चावण्यापासून सुरुवात केली असती, कारण त्यात दुसऱ्या मुलाला इजा होते. ताटात सांडणे, बूट जागेवर नसणे, मोठ्याने बोलणे याकडे सध्या डोळेझाक केली असती. आणि तो रांगेत शांत उभा राहिला त्या दिवशी ‘शहाणा आहेस’ एवढ्यावर न थांबता ‘पुढे कोणी घुसले तरी तू हात खाली ठेवलास’ असे नेमके सांगा. आपण काय बरोबर केले, हे या मुलांना बरेचदा खरोखरच कळलेले नसते.

एक धोका आधीच सांगून ठेवते. ओरडल्यावर मोबाइल मिळतो हे त्याच्या अंगवळणी पडले असेल आणि तुम्ही तो देणे थांबवलेत, तर पहिले काही दिवस ओरडणे वाढेल. अनेक घरे याच टप्प्यावर ‘उपाय लागू पडला नाही’ म्हणून हात टेकतात आणि मोबाइल देऊन टाकतात. मूल मात्र एवढेच शिकते की आणखी जोरात ओरडावे लागते. तेव्हा सुरुवात करण्याआधी घरातील तिन्ही मोठ्यांचे एकमत करून घ्या, आणि ते होत नसेल तर आठवडाभर थांबा. मात्र सगळेच स्फोट काही मिळवण्यासाठी नसतात. आवाज, गर्दी किंवा अचानक बदल सहन न होऊन तो कोसळतो, तेव्हा त्याला मोबाइलही नको असतो. त्या वेळी बोलणे कमी करा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, धाकटी भावंडे असतील तर त्यांना दूर न्या आणि शेजारी बसून राहा. शिकवायचे ते दुसऱ्या दिवशी.

आता लाटणे. तुम्ही चुकलात हे मी सांगण्याची गरज नाही, ते तुम्ही स्वतःच पत्रात चार वेळा लिहिले आहे. पण त्या मुलाला तुम्ही ते सांगितले आहे का? ‘त्या दिवशी मी तुला मारले. ते चुकीचे होते. मला राग आवरता आला नाही,’ एवढे पुरे. त्यापुढे ‘पण तूही’ जोडू नका. राग आल्यावर मोठ्या माणसाने काय करायचे असते, ते तो यातून शिकेल. पुढच्या वेळी हात उठेल असे वाटताच स्वयंपाकघराबाहेर पडायचे आणि तेवढी दहा मिनिटे सासूबाईंनी किंवा पतीने त्याच्याजवळ थांबायचे, हे आजच ठरवून घ्या. ऐन वेळी ते सुचत नाही.

तुमचे पती म्हणतात, ‘मीही असाच होतो.’ या वाक्यावर तुम्ही चिडता. मला ते या पत्रातील फार मोलाचे वाक्य वाटले. एडीएचडी आणि स्वमग्नता या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तेव्हा वडिलांचे बालपण हा पुरावा आहे आणि तो अजून एकाही डॉक्टरांपुढे गेलेला नाही. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या. आणि एखाद्या निवांत रात्री, वाद न घालता, त्यांना विचारा की पट्टा बसायच्या आधीच्या त्या क्षणी त्यांना काय होत असे. पट्ट्याने ते सरळ झाले की मोठे होता होता, कोणा शिक्षकामुळे, कोणा मित्रामुळे, स्वतःच्या धडपडीने मार्गी लागले, याचे उत्तर त्यांना स्वतःलाच शोधू द्या. सासूबाईंशीही फार भांडू नका. स्वमग्नतेचे प्रसिद्ध सविस्तर वर्णन लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी 1943 मध्ये केले. त्यानंतर कित्येक वर्षे पाश्चात्त्य देशांतले नामवंत तज्ज्ञ आईच्या मायेत ओलावा नसतो म्हणून मूल असे होते असे सांगत होते. पुढच्या संशोधनाने ते पूर्णपणे खोडले. तिकडे आईची माया कमी पडली म्हणत, इकडे जास्त झाली म्हणतात. दोष आईचाच, यात मात्र फरक नाही. सासूबाईंना पटवण्यापेक्षा एक ठरावीक काम द्या : रोज संध्याकाळी अर्धा तास नातवाला फिरायला नेणे. तेवढ्यात कुकरही होईल.

औषधाबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पहिल्या डॉक्टरांनी लिहून दिलेले मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध तुम्ही कपाटात ठेवून दिले आहे असे दिसते. हे औषध सहा वर्षांपुढील मुलांत अनेक दशके वापरले जात आहे, ते गुंगी आणण्यासाठी नसते आणि निदान योग्य असेल तर बऱ्याच मुलांना त्याचा स्पष्ट उपयोग होतो. त्याने भूक मंदावू शकते, झोप लांबू शकते, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. घराण्यात हृदयविकार किंवा तरुण वयातील अचानक मृत्यू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे लागते. स्वतःच्या मनाने सुरूही करू नका आणि सुरू केल्यावर स्वतःच्या मनाने बंदही करू नका. वही घेऊन त्या डॉक्टरांकडे परत जा आणि काय बदलले तर औषध लागू पडले म्हणायचे, किती आठवड्यांत ते पाहायचे, हे आधीच विचारा. याउलट, कोणी स्वमग्नता बरी करण्यासाठी स्टेम सेलचे उपचार सुचवले तर तिथून उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर 2022 मध्येच स्वमग्नतेसाठी ते उपचार करू नयेत असे स्पष्ट केले आहे. घर गहाण टाकून हे उपचार घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

शाळेबाबत मला दोन्ही बाजू दिसतात. ज्या मुलाला तुमच्या मुलाने चावले त्यालाही शाळेत सुरक्षित बसण्याचा हक्क आहे आणि बाईंवरचा भारही खरा आहे. पण ‘दाखला घेऊन जा’ हे तोंडी सांगणे निराळे आणि लेखी देणे निराळे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, म्हणून तुमची शाळा कोणत्या प्रकारची आहे ते प्रथम पाहा. मग भांडणाचा सूर न लावता एक अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि शाळेचे म्हणणे लेखी मागा. बहुतेक वेळा भाषा तिथेच मवाळ होते.

शाळेला निदानाचे नाव सांगावे का, असेही तुम्ही विचारता. नाव पक्के नसताना नाव सांगून काय साधणार? त्याऐवजी एका पानावर पाच-सहा वाक्ये लिहून द्या : त्याला पुढच्या बाकावर भिंतीकडेची जागा द्यावी, बदल आधी सांगावा, रांगेत पहिला किंवा शेवटचा उभा करावा, कान दाबले की दोन मिनिटे वऱ्हांड्यात उभे राहू द्यावे, आणि ओरडण्याऐवजी जवळ जाऊन हळू बोलावे. शॅडो टीचरविना यातले बरेच करता येते. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकाची भेट तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे मागा.

निदानाचे नाव खरोखर कामाला येते ते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी, आणि त्यासाठी तरी त्याचा पाठपुरावा सोडू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार नोंदले आहेत. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. परीक्षेतील सवलती आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र यांचा रस्ता तिथून जातो. मात्र आता पाचव्या, सहाव्या नव्या दारी जाऊ नका. चारही कागद, तपासण्या आणि वही एका फाइलमध्ये लावून एकाच ठिकाणी वर्षभर टिका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना विनाशुल्क पाहिले जाते. मुंबईला जाणे शक्य असेल तर 2001 पासून बालविकासाचे काम करणारी ‘उम्मीद’ आणि ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था ‘आयपीएच’ या दोन्ही ठिकाणी मुलासोबत पालकांचाही विचार होतो. आणि रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, तुम्हालाच कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर 14416 हा शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यावर मराठीतही बोलता येते. तुमच्या चार पानांत तुमच्या स्वतःच्या झोपेबद्दल एकच ओळ आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

वहीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या मागच्या पानावर दुसरी एक नोंद सुरू करा. येत्या रविवारी त्याला स्टँडवर घेऊन जा, अभ्यास, पाढे काही न काढता. चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसा आणि त्याला बोलू द्या : कोणती गाडी कुठून आली, किती उशिरा आली, फलाट का बदलला. गाडी उशिरा आली तेव्हा त्याने काय केले, ते लिहा. तिथे कर्णे वाजतात, गर्दी असते, वेळा चुकतात, म्हणजे जे जे त्याला सोसत नाही ते सर्व तिथे असते, आणि तरीही तो आपणहून तिथे जायला मागतो असे तुम्हीच लिहिले आहे. कान दाबतो का, दाबत नसेल तर का दाबत नसेल, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे. तीन आठवड्यांनी ती नोंद मला पाठवा.